मैदान बंद करण्याआधी त्याचा दिवस पाहा

प्रश्न : आम्ही शिवाजी पेठेत राहतो. मुलगा नववीत असून शाळेच्या सतरा वर्षांखालील फुटबॉल संघात खेळतो. आठवीत त्याला 78 टक्के गुण होते, यंदा सहामाहीत तो 61 टक्क्यांवर आला. गणितात 80 पैकी 29 गुण आहेत. पाच वाजता शाळा सुटते, साडेपाच ते सात सराव असतो आणि तो साडेनऊला घरी येतो. बारापर्यंत मोबाईल चालतो आणि सकाळी सहाला क्लास. मी शिरोली एमआयडीसीत कामाला आहे, मलाही घरी यायला रात्र होते. पुढच्या वर्षी दहावी आहे, म्हणून फुटबॉल आताच बंद करावे असे मला वाटते. त्याच्या आईला ते पटत नाही. काय करावे?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपली काळजी रास्त आहे. गणितातले 29 गुण ही दुर्लक्ष करण्यासारखी बाब नाही. तरीही फुटबॉल बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र सध्या जसे चालले आहे तसेच ते चालू राहावे, असेही मी म्हणणार नाही.

आपण लिहिलेला दिवसाचा क्रम पुन्हा एकदा वाचून पाहा. सराव दीड तासाचा आहे आणि तो सात वाजता संपतो, पण मुलगा घरी पोहोचतो साडेनऊला. मधले अडीच तास कुठे जातात, याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. पेठेत राहणाऱ्यांना तो सांगण्याची गरजही नसावी. तालमीच्या, म्हणजे पेठेचा फुटबॉल संघ चालवणाऱ्या मंडळाच्या, कट्ट्यावर मोठी मुले बसलेली असतात, कालच्या सामन्याची चर्चा रंगते, कोणाच्या तरी मोबाईलवर गोलची चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली जाते आणि चौदा वर्षांच्या मुलाचा पाय तिथून निघत नाही. उद्या आपण सराव बंद केलात तर दीड तास वाचेल, पण कट्टा तसाच राहील, आणि त्याला वेळेवर बोलावणारा, उशीर झाला तर जाब विचारणारा प्रशिक्षक मात्र त्याच्या दिवसातून निघून जाईल.

झोपेचा हिशेबही करावा लागेल. तेरा ते अठरा या वयात रात्री आठ ते दहा तास झोप लागते, असे तज्ज्ञ सांगतात, आणि आपल्या मुलाला जेमतेम साडेपाच तास मिळते. दिवसभर वर्गात डोळ्यांवर झापड असलेल्या मुलाला बीजगणित समजत नाही, तेव्हा दोष फुटबॉलला देणे मला न्याय्य वाटत नाही. पाच ते सतरा वयोगटातील मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे दमवणारी हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपला मुलगा ती पूर्ण करतो, ही त्याच्या दिनक्रमातली चांगली गोष्ट आहे आणि तिलाच आपण हात घालू पाहत आहात.

खेळामुळे अभ्यास आपोआप सुधारतो, असा माझा दावा नाही. अभ्यासाची वेळ खेळाच्या वेळेला जोडून बांधली, तरच खेळाचा उपयोग होतो. अमेरिकेत बोस्टन शहरात 1996 साली स्क्वॉशबस्टर्स नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात शाळकरी मुले स्क्वॉश खेळायला येतात आणि त्याच ठिकाणी, त्याच संध्याकाळी त्यांचा गृहपाठ व शिकवणीही होते. याच्या उलट, टेक्सास राज्याने 1984 साली नापास होणाऱ्या विद्यार्थ्याला शालेय स्पर्धांपासून काही काळ दूर ठेवण्याचा कायदा केला. आपला विचार या दुसऱ्या वाटेचा आहे. तिच्यात शिस्त आहे हे मान्य करूनही मी आपल्याला पहिली वाट सुचवेन, कारण गणितात मागे पडलेल्या मुलाला मैदानाबाहेर काढले म्हणून गणित येऊ लागत नाही, त्यासाठी कोणीतरी त्याच्याजवळ बसावे लागते.

हे आपल्याकडेही जमते. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका मैदानावर मी एक प्रशिक्षक पाहिले. सरावाला आलेली मुले बुटांच्या नाड्या बांधण्याआधी दप्तरातून वही काढून पायरीवर उघडी ठेवायची. प्रशिक्षक गणिताचे शिक्षक नव्हते. उत्तर बरोबर की चूक हे ते पाहत नसत, कालच्या तारखेखाली काही लिहिले आहे की नाही एवढेच पाहत. पान कोरे असेल तर तो मुलगा पहिली पंधरा मिनिटे पायरीवर बसून ते पूर्ण करी आणि मग मैदानात उतरे. एका मुलाने एकदा घाईघाईने मित्राच्या वहीतले उतरवलेले मी पाहिले, तेव्हा प्रशिक्षकांनी त्याला रागावण्याऐवजी तेच उदाहरण तोंडी समजावून सांगायला लावले. घरच्यांनी दहा वेळा सांगूनही न होणारी गोष्ट त्या पायरीवर होत होती, कारण त्या वयात प्रशिक्षकाच्या शब्दाला वेगळेच वजन असते.

म्हणून आपल्या येत्या सुट्टीच्या दिवशी आपण स्वतः प्रशिक्षकांना भेटा. मुलाची तक्रार करण्यासाठी जाऊ नका, मदत मागायला जा. सराव संपताच साडेसातच्या आत घरी पोहोचायचे, असे त्यांनीच त्याला सांगावे. आठ ते साडेनऊ अभ्यास, त्यानंतर जेवण, आणि साडेदहाला मोबाईल आईच्या ताब्यात, असा क्रम ठेवावा. सहाचा क्लास शक्य असल्यास सुट्टीच्या दिवसांवर न्यावा, नाही तर झोपेचे गणित जुळणार नाही. शाळेत जाऊन गणिताची उत्तरपत्रिका पाहा. पुष्कळदा असे आढळते की गेलेले गुण दोन-तीन प्रकरणांतच गेलेले असतात, आणि तेवढ्यासाठी महिनाभराची नेमकी तयारी पुरते. तालमीत एखादी खोली मोकळी असेल, तर तिथे अभ्यासाचा तास सुरू करता येईल का, हेही पेठेतील जाणत्यांशी बोलून पाहा. शेजारच्या चार घरांची हीच अडचण असणार.

आता करिअरविषयी. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, आणि आपल्या मुलाच्या मनात तेच स्वप्न असेल तर ते असू द्यावे. पण त्या संघात साऱ्या देशातून एकवीस जण होते, हेही त्याला माहीत हवे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या जागांमध्येच मोजले जाणारे) आहे, मात्र त्यासाठी विहित स्तरावरील कामगिरी, प्रमाणपत्राची पडताळणी आणि त्या पदाची शैक्षणिक पात्रता या तिन्ही गोष्टी लागतात. दहावी-बारावीच्या परीक्षेत स्पर्धेच्या स्तरानुसार सवलतीचे गुण मिळतात व त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, पण त्या गुणांवर आतापासून विसंबू नका. प्रमाणपत्रे मात्र तारखेनुसार एका फाईलमध्ये जपून ठेवा. शारीरिक शिक्षण, प्रशिक्षण आणि फिजिओथेरपी या वाटाही आहेत. त्यातल्या फिजिओथेरपीसाठी बारावी विज्ञान शाखेतून करावी लागते.

आपल्या शहरात खेळ आणि शिक्षण यांची फारकत कधी नव्हती. 1952 साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते, आणि त्यांना तिथवर पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले होते. एका शिक्षकाने खेळाडूसाठी एवढे केले, त्या गावात पालक आणि प्रशिक्षक यांनी एका मुलाच्या वहीसाठी आठवड्यातून एकदा बोलणे अवघड नसावे.

दहावीच्या वर्षी डिसेंबरपासून परीक्षा संपेपर्यंत पेठेचे सामने त्याने सोडावेत आणि आठवड्यातून तीन दिवस हलका सराव ठेवावा. हे त्याला आताच, शांतपणे सांगून त्याच्याकडून कबूल करून घ्या. पुढची घटक चाचणी झाली की गणिताची उत्तरपत्रिका घेऊन तिघेही भेटायला या. प्रशिक्षकांना सवड असेल तर त्यांनाही सोबत आणा.