नानांना विचारा : ऑस्ट्रियाचा बटाटा आणि आपली काळी

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती की सप्टेंबरात पुतण्याकडे व्हिएन्नाला गेलो होतो आणि तिथून पुढे चार दिवस एका बटाटेवाल्या शेतकऱ्याच्या घरी राहिलो. बस्स. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आलीत की केळीच्या करप्यावर चार पानं लिहिली तेव्हासुद्धा आली नव्हती. म्हणून ह्या वेळी सगळा कॉलम बटाट्यालाच देऊन टाकतो, कापूसवाल्यांनी रागावू नये.

नाना, रामराम. तुम्ही त्या शेतकऱ्याचं वर्णन लिहा ना, आणि तिथलं बियाणं आणून आपल्याकडे लावता येईल का? माझी केळी निघाल्यावर तीन एकर मोकळं होतंय. – एक शेतकरी, रावेर

भाऊ, आधी दुसऱ्याचं उत्तर देतो कारण तुमची बॅग भरायची घाई दिसतेय. आणू नका. परदेशातून बियाण्याचा बटाटा आणायला परमिट लागतं, तिकडच्या सरकारचं रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं, आणि हे उगाच कागदी घोडे नाहीत, बटाट्याबरोबर जमिनीत राहणारे रोग आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत) येतात ते एकदा शेतात शिरले की तुमच्या नातवालाही पुरतात. निलगिरीत सूत्रकृमीचा आणि दार्जिलिंगकडे चामखीळ रोगाचा त्रास झालेलाच आहे.

आणि समजा कायदेशीर आणला तरी काय? तिकडच्या जाती लांब दिवसांच्या आहेत. त्यांच्याकडे उन्हाळ्यात पंधरा-सोळा तास उजेड असतो, आपला बटाटा हिवाळ्यातला, दिवस अकरा तासांचा. लांब दिवसाची जात लहान दिवसात लावली की झाड नीट वाढायच्या आधीच पोसायला लागतं आणि लवकर आटोपतं, मग हातात येतात गोट्या. शिवाय बटाटा पोसायला रात्र गार लागते, वीसच्या खाली असली म्हणजे बरं, आणि तापमान तिशीकडे गेलं की पोसणं बंदच पडतं. त्यांच्याकडे एप्रिलच्या शेवटी नाहीतर मेमध्ये लागवड आणि सप्टेंबरात काढणी, म्हणजे चार-साडेचार महिने आरामात. आपल्याकडे मे म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको, रावेरात राहता तुम्ही. आपल्याला मिळतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मधला तुकडा, नव्वद दिवस धरा, त्यात बसणारी जातच लावायची. पुखराज आहे, चंद्रमुखी आहे. ह्या सगळ्यांच्या मागे 'कुफरी' लागतं ते सिमल्याजवळच्या गावाचं नाव, बटाट्याची केंद्रीय संशोधन संस्था सिमल्यालाच आहे.

आता वर्णन. व्हिएन्नापासून वायव्येला, चेकच्या सरहद्दीला लागून, वाल्डफिअर्टेल नावाचा भाग आहे, नावाचा अर्थ जंगलाचा चौथा हिस्सा. उंचावर, गार, आणि जमीन म्हणाल तर आपल्या बरडापेक्षा बरी असं म्हणवत नाही, ग्रॅनाइटच्या खडकाची झिजलेली रेताड माती, जरा आंबट. गहू तिथे मनापासून येत नाही. म्हणून राई (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य), ओट, खसखस आणि बटाटा. मी पहिल्या दिवशी ती माती हातात घेतली आणि म्हटलं ह्याच्यात काय पिकणार, आणि दुसऱ्या दिवशी काढणी बघितली तेव्हा कळलं की मातीचा गुण तोच आहे, भो! बटाटा वर आला तो धुतल्यासारखा. आपल्या तापीकाठच्या काळीत काढणीच्या आधी चुकून पाणी लागलं तर बटाट्याला एवढी चिकण माती धरते की मजूर बाया आधी बटाट्याला शिव्या देतात मग शेतमालकाला.

माझ्या शेतकऱ्याकडे बटाटा फक्त दोन-अडीच एकर. बाकी राई, ओट, थोडं क्लोव्हर म्हणजे आपल्या घासासारखं, आणि गोठ्यात गाई. एका तुकड्यात बटाटा एकदा लावला की तिथे परत चार वर्षांनी. हे त्याने मला बोटं मोजून दाखवलं कारण त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी दोन्ही एकाच शाळेतलं. शेणखत आदल्या शरद ऋतूतच टाकून ठेवतो. लागवडीच्या महिनाभर आधी बियाण्याचे बटाटे उथळ खोक्यांमध्ये एका थरात मांडून उजेडात ठेवतो, अंधारात नाही, उजेडात, मग कोंब लांब पांढरे न येता आखूड जाड हिरवट येतात आणि लावताना मोडत नाहीत. ह्याने दहा-पंधरा दिवस त्यांना फुकटात मिळतात. रावेरवाल्या भाऊ, तिकडून आणायचंच असेल तर हे आणा, ह्याला परमिट लागत नाही. तुमचे नव्वदचे दिवस त्याने शंभरासारखे होतील.

त्याची तक्रार ऐकून मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. वायरवर्म नावाची पिवळी कडक अळी, बटाट्याला ड्रिलने पाडल्यासारखी भोकं पाडते. गेली काही वर्षं उन्हाळे कोरडे जातायत तसा हिचा त्रास ऑस्ट्रियात फार वाढलाय, आणि गवत नाहीतर क्लोव्हर मोडून लगेच बटाटा घेतला की जास्तच. म्हणजे ज्या क्लोव्हरने जमीन सुधारते तेच अळीचं माहेर. त्याने खांदे उडवले. आपला माणूस असता तर सरकारला दोन शब्द बोलला असता.

नाना, माझी लेक लिंझला असते. तिथे दुकानात बटाट्याच्या पिशवीवर दोन-तीन प्रकार लिहिलेले असतात आणि मी भाजी केली तर तिचा लगदा झाला. कोणता घ्यायचा? – एक ताई, शिरपूर

ताई, तुम्ही 'मेलिग' लिहिलेली पिशवी घेतलीत. मेलिग म्हणजे पिठूळ, तो शिजला की फुटतो. भाजीला 'फेस्टकोखेंड' घ्या, शिजून घट्ट राहणारा. तिथले जुने लोक त्याला 'श्पेकिग' म्हणतात. मधला एक प्रकार असतो तो कशालाही चालतो, म्हणजे कशालाच धड नाही.

पण हा भेद नुसता पिशवीवरचा नाही हं. तिथे पदार्थावरून जात ठरते. व्हिएन्नाची बटाट्याची कोशिंबीर घ्या, त्यात मेयोनीज नाही घालत, कोमट रस्सा (बीफचा असतो, ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्या), व्हिनेगर, तेल, कांदा, थोडी मोहरी. त्याला लागतो किप्फलर, बोटासारखा लांबट, वाकडा, पिवळा बटाटा. उत्पन्नाला कमी, सोलायला कटकट, तरी लोक लावतात कारण दुसऱ्याने ती कोशिंबीर होत नाही असं त्यांचं ठाम मत. डिट्टा म्हणून त्यांचीच एक घट्ट जात आहे ती सर्रास मिळते. आणि पिठूळ बटाट्याचे वाल्डफिअर्टेलमध्ये मोठाले गोळे करतात, अर्धा बटाटा कच्चा किसून पिळलेला आणि अर्धा उकडलेला, दोन्ही मळून पाण्यात उकळायचे. शेतकऱ्याच्या बायकोने दोन वाढले, मी एकातच बसलो. बटाट्याच्याच पिठाच्या शेवया करून त्यावर वाटलेली खसखस आणि साखर घालतात ते मात्र मी तीनदा मागून घेतलं.

नावांचंही तसंच. जर्मनीत बटाट्याला कार्टोफेल म्हणतात, ऑस्ट्रियात एर्डएप्फेल, जमिनीतलं सफरचंद. साल्झबुर्ग प्रांतात लुंगाऊ म्हणून हजार मीटरच्या वरचं एक गारठलेलं खोरं आहे, तिथे तर त्याला एख्टलिंग म्हणतात आणि त्याच नावाने विकतात. आपलंही बघा, आपण म्हणतो बटाटा, हा शब्द पोर्तुगीजांचा, आणि बऱ्हाणपूर ओलांडलं की तोच आलू होतो. १९९५ साली ऑस्ट्रिया युरोपियन युनियनमध्ये गेला तेव्हा त्यांनी खाण्याचे २३ शब्द कागदावर लिहून घेतले की हे आमचे, जर्मनीचे शब्द आमच्यावर लादायचे नाहीत. त्या २३ मध्ये वांगं आहे बरं का! मेलानझानी. मला हे कळलं तेव्हा मी पुतण्याला म्हटलं, बघ, वांग्यासाठी भांडणारे लोक आपल्याशिवाय आहेत जगात.

सर, कॉलेजच्या प्रोजेक्टला पाहिजे, ऑस्ट्रियात बटाटा कधी आला? – एक विद्यार्थी, धुळे

थोडक्यात घे. क्लुसियस नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ व्हिएन्नात होता, त्याच्या हातात १५८८ मध्ये बटाट्याचे कंद आले, पण ते बागेतली नवलाई म्हणून. १६२१ मध्ये झाइटेनश्टेटेनच्या मठाच्या प्रमुखाने छापलेल्या पुस्तकात बटाट्याच्या कोशिंबिरीची कृती आहे. तरी शेतात यायला पुढे सव्वाशे-दीडशे वर्षं गेली. प्रिंझेनडॉर्फ गावचा पाद्री योहान एबरहार्ड युंगब्लुट, त्याने १७६१ च्या सुमारास गावात बटाटा लावायला लावला, लोक त्याला बटाट्याचा पाद्रीच म्हणतात. मार्क मिळाले तर पेढे इकडे पाठव.

नाना, आपण घरचं बियाणं ठेवलं तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बटाटा बारीक होतो, आणि ते लोक पिढ्यानपिढ्या घरचं ठेवायचे म्हणे. हे कसं? – एक निवृत्त शिक्षक, अमळनेर

गुरुजी, खरा प्रश्न तुम्ही विचारलात. बटाट्याचं बी म्हणजे बी नाहीच, ते झाडाचाच तुकडा. आईला झालेला विषाणू रोग लेकराला जन्मताच. आणि हा विषाणू नेतो कोण, तर मावा, पानाचा रस शोषणारी ती बारीक कीड. मावा उबेत वाढतो. म्हणून उंचावर, गारठ्यात, वाऱ्यावर मावा कमी, बियाणं जास्त वर्षं निरोगी. वाल्डफिअर्टेल काय नि लुंगाऊ काय, बियाणं टिकतं ते ह्याच्यामुळे. त्यांच्या आजोबांना विषाणू माहीत नव्हता, एवढंच माहीत होतं की खालच्या सपाटीवरच्या बियाण्याने चालत नाही, वरच्या गावातून बदलून आणावं लागतं. आजही माझा शेतकरी दर दोन-तीन वर्षांनी नवीन सर्टिफाइड बियाणं घेतो, फक्त एक जुनी वाकडी जात तेवढी घरची चालू ठेवलीय, विकायला नाही, घरी खायला. अशा जुन्या जाती जपायला तिथे शिल्टर्न गावात आर्खे नोआ नावाची संस्था आहे, १९९० पासूनची, ती बियाणं आणि कंद लोकांमध्ये वाटत राहते.

आपल्याकडे उंची नाही मग काय केलं, तर पंजाबात हिवाळ्यात मावा कमी असतो तेवढ्या आठवड्यांत बियाण्याचा बटाटा वाढवायचा आणि मावा यायच्या आधी पालाच कापून टाकायचा. सिमल्याच्या संस्थेतल्या पुष्करनाथांनी हे बसवलं, म्हणून आज महाराष्ट्रात बियाणं जालंधरकडून ट्रकने येतं. आपल्या अंगणात ठेवलेल्याला आपल्या उन्हाळ्यात कोंब फुटतात, सुरकुततो, त्यात हा विषाणू, मग बारीक होणारच. कोल्ड स्टोरेजला ठेवला तर टिकेल, पण गुरुजी, चार क्विंटलसाठी तेवढं भाडं आणि गाडी, हिशोब तुम्हीच मांडा.

माझंच सांगतो. एका वर्षी मी एका ओळखीच्या दुकानदाराकडून बियाणं घेतलं, पोत्याच्या तोंडाशी अंड्याएवढे एकसारखे, खाली बघितलं नाही. घरी ओतलं तर तळाला ओलं, सडकं. मी हुशारी केली, सडलेले काढून उरलेले कापून, राखेत घोळवून त्याच दिवशी लावले. कापलेला बटाटा सावलीत दोन-तीन दिवस ठेवून जखम सुकू द्यायची असते, एवढं माहीत असून. एकरी आठ क्विंटल बियाणं घातलं आणि निम्मं उगवलंच नाही. दुकानदाराला दोष दिला तरी अर्धा माझाच होता, हे मी तेव्हा घरात कबूल केलं नाही, आता छापून देतो.

हिरवा झालेला बटाटा सोलून चालतो का? – चाळीसगाव

थोडा हिरवा असेल तर तेवढं जाड सोलून काढा, बराच हिरवा असेल नाहीतर कडू लागत असेल तर फेका. मुलांना अजिबात नको. आणि बटाट्याची टोपली ओट्यावर उजेडात ठेवू नका, पोतं टाका वरून.

नाना, एवढं सगळं ठीक, पण तिथे भरीत मिळालं का? – एक वाचक, बामणोद

बामणोदहून हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. झालं असं की काढणीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी शेतातच बटाट्याचा वाळलेला पाला आणि काड्या पेटवल्या आणि राखेत बटाटे पुरले. बाहेरून कोळसा, आतून मऊ, वरून मीठ आणि लोणी. मला एकदम आपल्या पऱ्हाटीच्या जाळावरचं भरीत आठवलं, तो धुराचा वास तर तोच. मग काय, मी पुतण्याला दुकानात पिटाळलं आणि दोन मेलानझानी आणवल्या. काळ्या, चकचकीत. जाळात टाकल्या. हिरवी मिरची मिळाली ती ढोबळीपेक्षा थोडी तिखट, शेंगदाणे खारवलेले, कांद्याची पात मात्र चांगली होती.

शेतकऱ्याने दोनदा घेतलं आणि डोकं हलवलं. मी एक घास खाल्ला. पाणी, नुसतं पाणी. आपल्या त्या हिरव्या-पांढऱ्या वांग्याला जी एक गोडी आणि दळदार गर असतो त्याचा पत्ताच नाही, उगाच नाही जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. त्याने विचारलं, हे तुमच्या वांग्याचं बी मिळेल का, इथे लावून बघतो. मी म्हटलं, बी नेता येईल, पण तुझ्या सप्टेंबरात त्याला थंडी वाजेल.

तो म्हणाला, मग मीच येतो खायला. डिसेंबरात ये म्हटलंय.