एक कोळपणी, अर्धं पाणी

तुम्ही विचारलंय की आदिवासींचं आणि जुन्या शेतकऱ्यांचं जमीन सांभाळायचं ज्ञान लिहून ठेवलं तर टिकेल का, आणि मराठवाड्यात असं काही उरलंय का. उरलंय. पण लिहून टिकेल असं मला वाटत नाही. का, ते एका उदाहरणावरून सांगतो.

मी लातूर जिल्ह्यातला, घरची कोरडवाहू शेती. आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात, ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’. कोळपणी म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधून कोळपं फिरवणं; कोळपं हे बैलांनी ओढायचं अवजार. बऱ्याच जणांना ते नुसतं तण काढणं वाटतं. काळी जमीन वाळली की आकसते, भेगाळते. भेग आधी बोटभर असते, मग हात जाईल एवढी होते. त्या भेगांतून खोलवरची ओल उडून जाते, वर पिकाच्या मुळ्याही तुटतात. कोळप्याची फास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, दोन ओळींतून फिरली की तण तर निघतंच, शिवाय भेगा बुजतात आणि वर जो भुसभुशीत थर होतो तो खालची ओल धरून ठेवतो. रब्बी ज्वारीला पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात, मुख्यतः तणासाठी. दुसरी पाचव्या आठवड्यात. तिसरी आठव्यात, तीही दातेरी कोळप्यानं, कारण तोवर रान इतकं टणक झालेलं असतं की साधी फास आत शिरत नाही. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतही साधारण हेच वेळापत्रक सापडेल. म्हणजे हे लिहिलेलं आहे. तरी ते कमी कमी होत चाललंय.

कारण सोयाबीन. हातात लवकर पैसा येतो, लातूरचा बाजार जवळ, मी पण पेरतो. त्यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण ज्वारी कमी झाली तसा कडबा कमी झाला. कडब्याशिवाय बैल पोसणं परवडेना. दावणीला बैल नाही तर कोळपं कोण ओढणार? मग तणनाशक आलं. ते तण मारतं, भेग बुजवत नाही. ऑगस्टात पावसानं दोन-तीन आठवडे ताण दिला की हा फरक रानात उघडा दिसतो. कोळपणी दोन कामं करत होती, फवाऱ्यानं त्यातलं एकच उचललं. आणि शेणखत गेलं ते वेगळंच.

सणाचंही तेच. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडे येळवस असते. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, काळ्या आईची पूजा करायची आणि मडक्यातलं आंबील पिकावर शिंपडत फिरायचं. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. जेवणात भज्जी असते, तिच्यात तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि हिरवा हरभरा. पूर्वी यातलं बरंच आपल्याच रानात मिळायचं. ज्वारीच्या जोडीला हरभरा, जवस असायचं आणि काठानं करडई, तिच्या काट्यांमुळं जनावर आत शिरत नाही. आता भज्जीचे दाणे आदल्या दिवशी मंडईतून आणतात. भाव विचारू नका.

आदिवासींबद्दल मी कमीच बोलेन, तो माझा मुलूख नाही. मराठवाड्यात गोंड, कोलाम, आंध, परधान हे समाज मुख्यतः नांदेडच्या किनवट-माहूरकडं आणि हिंगोलीच्या काही भागात आहेत. एवढं मात्र खरं की जंगलात जायची मुभाच नसेल तर मोहाच्या झाडाचं ज्ञान कुठं वापरणार? म्हणून 2006 च्या वनहक्क कायद्यातले सामूहिक हक्क मला कुठल्याही नोंदवहीपेक्षा महत्त्वाचे वाटतात.

जुनं ते सगळं खरं, असंही समजू नका. तळहातावर नारळ ठेवून पाणी दाखवणाऱ्यांच्या शब्दावर आमच्याकडे लोकांनी बोअर पाडलेत आणि कर्ज काढलंय. आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत असतं, नारळ उभा राहिल्यानं ते येत नाही. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात बोअरच्या खोलीला 60 मीटरची मर्यादा आहे, ती किती पाळली जाते ते गावात चक्कर मारलीत की कळेल. आणि ज्या बारवांचे, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरींचे, फोटो आपण कौतुकानं टाकतो, तिथं सगळ्या जातींना पाणी भरू देत नव्हते. हेही त्याच परंपरेत बसतं.

तुम्हाला स्वतःच्या रानात काही करून बघायचं असेल तर बैल घ्या असं मी सांगणार नाही. सायकल कोळपं घ्या. एक चाक, मागं फास, माणसानं ढकलायचं. मोठ्या रानाला पुरत नाही आणि कंबर धरते, पण भेगा बुजतात. पेरणी उताराला आडवी करा, जमल्यास रुंद वरंबा-सरीवर, म्हणजे रुंद उंचवट्यावर पीक आणि दोन उंचवट्यांमध्ये चर; पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं, कमी झाला तर तिथंच मुरतं. ट्रॅक्टरवाल्याला हे आधीच बजावून ठेवा, नाहीतर तो लांब ओळी मिळाव्यात म्हणून उताराच्या दिशेनंच पेरून मोकळा होतो.