वाचकांचे प्रश्न : अपघातानंतर वर्कशॉपमध्ये अडकलेली विजेची गाडी

प्रश्न : आमची विजेवर चालणारी कार कसारा घाटाच्या अलीकडे दुभाजकावर चढली. पुढचा बंपर, एक हेडलॅम्प आणि फेंडर गेले, शिवाय खालून बॅटरीच्या आवरणाला घासले. विमा कॅशलेस आहे. गाडी पावसाळ्याआधी अधिकृत वर्कशॉपमध्ये दिली, ती दिवाळी तोंडावर आली तरी तिथेच उभी आहे. चौकशी केली की कधी ‘पार्ट बॅक ऑर्डरला आहे’, तर कधी ‘इन्शुरन्सचे अप्रूव्हल बाकी आहे’ असे सांगतात. कर्जाचा हप्ता चालूच आहे. जाब नेमका कोणाला विचारायचा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्याला मिळालेली दोन उत्तरे दोन वेगळ्या पक्षांकडे बोट दाखवतात, आणि आपली अडचण तिथेच सुरू होते. विमा कंपनीची मंजुरी अडली असेल तर जाब विमा कंपनीला विचारायचा. भाग आला नसेल तर उत्पादकाला. आणि भाग येऊन पडला असूनही उच्च दाबाच्या विद्युत यंत्रणेवर काम करणारा प्रशिक्षित माणूस वर्कशॉपकडे नसेल तर विक्रेत्याला. म्हणून पहिली गोष्ट ही करावी की वर्कशॉपला ईमेल पाठवून चार गोष्टी लेखी मागाव्यात : जॉब कार्डाची प्रत, कोणता भाग कोणत्या तारखेला मागवला, त्याच्या मागणीचा क्रमांक काय, आणि उत्पादकाने त्यावर कोणती अपेक्षित तारीख दिली आहे. सर्व्हिस ॲडव्हायझरच्या तोंडी आश्वासनाला पुढे कुठेही किंमत राहत नाही. ही माहिती देण्यास टाळाटाळ झाली तर तीही आपल्या उपयोगाची आहे, कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत ग्राहकापासून संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवण्याचाही समावेश आहे.

आता विलंब होतो कशामुळे, हे थोडे तपशिलाने पाहू, कारण त्यावरून कोणता विलंब समजण्यासारखा आणि कोणता नाही, हे ठरवता येते. बंपर, फेंडर यांसारख्या भागांना बॅटरीशी काही देणेघेणे नसते. ते मिळत नाहीत याचे कारण बहुतेक वेळा इतकेच असते की नव्या मॉडेलचे भाग आधी कारखान्यातील जुळणीसाठी जातात आणि गोदामात उरलेले येतात. जिल्ह्याच्या गावातील विक्रेता असे मोठे, महाग आणि क्वचित खपणारे भाग साठवून ठेवत नाही. हेडलॅम्पची गोष्ट आणखी अवघड असते, कारण पूर्वी जिथे काच किंवा बल्ब बदलून भागत असे तिथे आता एलईडीचे संपूर्ण युनिटच बदलावे लागते. बंपरमागे रडार किंवा काचेवर कॅमेरा असेल तर भाग बसवल्यावर त्यांचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूक जुळवणी, करावी लागते, आणि त्याची साधने प्रत्येक वर्कशॉपमध्ये नसतात. तरीही माझे स्पष्ट मत आहे की बंपरसाठी ग्राहकाला महिनोन्‌महिने थांबवून ठेवण्याचे समर्थन कोणत्याही उत्पादकाला करता येणार नाही.

बॅटरीच्या आवरणाचा प्रश्न मात्र खरोखर नाजूक आहे आणि तिथे घाई करू नये. बॅटरीचा हा संपूर्ण संच, म्हणजे पॅक, गाडीच्या तळाशी बसवलेला असतो आणि लहान कारमध्येही त्याचे वजन काही शे किलो भरू शकते. तो उतरवायचा तर आधी उच्च दाबाची जोडणी तोडून, ती खरोखर निष्प्रभ झाल्याची मीटरने खात्री करून, मगच उच्च दाबाच्या नारिंगी केबलना हात लावायचा असतो. त्यानंतर लिफ्ट-टेबलावर पॅक खाली घेऊन आवरणावरील खोक किती मिलिमीटर खोल आहे, ती उत्पादकाने आखलेल्या मर्यादेत बसते का, विद्युतरोधन शाबूत आहे का, शीतक वाहणाऱ्या नळ्यांना गळती आहे का आणि झाकणाची सीलबंदी टिकून आहे का, हे तपासावे लागते. वरून किरकोळ ओरखडा दिसत असला तरी आतला एखादा सेल दबलेला असू शकतो, आणि अशा सेलमधून काही काळाने आग भडकण्याचा धोका असतो. त्यामुळेच तळाला मार बसलेली गाडी इतर गाड्यांपासून लांब, मोकळ्या जागेत उभी करायची असते. तपासणीत पॅक बदलावा लागेल असे निघाले आणि तो परदेशातून येणार असेल, तर आणखी एक अडसर येतो : लिथियम-आयन बॅटऱ्या धोकादायक मालात मोडतात आणि 35 किलोहून जड बॅटरी विशेष परवानगीशिवाय विमानाने पाठवता येत नाही, म्हणून ती जहाजानेच येते.

यावरून आपण वर्कशॉपला एक नेमका प्रश्न विचारावा : बॅटरीची तपासणी झाली आहे का, आणि झाली असल्यास तिचा लेखी अहवाल कुठे आहे? अनेक ठिकाणी बंपर येण्याची वाट पाहत पॅकला कोणी हातही लावलेला नसतो. मग बंपर आल्यावर तपासणी होते, नवे नुकसान सापडते, पुरवणी इस्टिमेट तयार होते, विम्यासाठी नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर पुन्हा येतो आणि सगळे चक्र पहिल्यापासून फिरते. गाडी पूर्ण उघडून सर्व नुकसान एकाच खेपेस सर्व्हेअरला दाखवावे, असा आग्रह ग्राहकाने पहिल्याच दिवशी धरला तर ही दुसरी फेरी बरीचशी टळते.

विमा कंपनीसाठी मुदती ठरलेल्या आहेत. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकांनुसार दाव्याची सूचना मिळाल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमला जावा, त्याचा अहवाल 15 दिवसांत यावा आणि अहवाल आल्यावर कंपनीने 7 दिवसांत निर्णय द्यावा, अशी अपेक्षा आहे. या मुदती उलटल्या असतील तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे आणि नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. 30 दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही आणि पुण्यातही लोकपालाचे कार्यालय आहे.

अडथळा सुट्या भागांचा असेल तर लोकपालाचा उपयोग नाही. तेव्हा विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही लेखी नोटीस द्यावी, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि तरीही हालचाल न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. आपण राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करण्याची सोय 2019 च्या कायद्याने दिली आहे, त्यामुळे कंपनीचे मुख्यालय कुठे आहे याची चिंता करू नये. या काळात भरलेले हप्ते आणि टॅक्सीचा खर्च नेहमीच्या विमा पॉलिसीत मिळत नाही, परंतु आयोगापुढे भरपाई म्हणून मागता येतो. त्यासाठी पावत्या आजपासूनच जपून ठेवाव्यात.

प्रश्न : दुरुस्तीचा अंदाज फार मोठा असल्याने गाडी ‘टोटल लॉस’ करून टाकू, म्हणजे वाट पाहायला नको, असे वर्कशॉपवाले सुचवत आहेत. मान्य करावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : केवळ प्रतीक्षा टाळण्यासाठी मान्य करू नये. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत नमूद केलेल्या गाडीच्या मूल्याच्या 75 टक्क्यांहून अधिक होत असेल तर गाडी टोटल लॉस धरली जाते, म्हणजे दुरुस्तीऐवजी आयडीव्हीच्या आधारे रक्कम देऊन दावा मिटवला जातो. गाडीच्या किमतीत बॅटरीचा वाटाच फार मोठा असल्यामुळे इस्टिमेटमध्ये ‘नवा पॅक’ एवढी एक ओळ आली की ही मर्यादा सहज जवळ येते. म्हणून पॅक संपूर्ण बदलणे का आवश्यक आहे, केवळ आवरण किंवा एखादे मॉड्यूल (सेलचा एक गट) बदलून का भागत नाही, याचे उत्पादकाकडून आलेले तांत्रिक कारण मागावे. शिवाय आयडीव्ही दर वर्षी कमी होत जाते. गाडी तीन वर्षांची असेल आणि कर्ज बरेच शिल्लक असेल, तर मिळालेली रक्कम बँकेकडे जाऊन आपल्या हाती फारसे काही उरणार नाही. पॅक खरोखर निकामी झाल्याचे लेखी आले, तर मात्र मान्य करणेच शहाणपणाचे आहे.

प्रश्न : अधिकृत वर्कशॉपची रांग टाळून गावातील ओळखीच्या गॅरेजमध्ये डेन्टिंग-पेंटिंग करून घेतले तर चालेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दरवाजा, फेंडर, बंपर यांचे काम कुशल कारागीर उत्तम करू शकतो. वेल्डिंग करायचे असेल किंवा रंग भट्टीत वाळवायचा असेल, तर मात्र उच्च दाबाची यंत्रणा आधी रीतसर बंद झालेली असावी आणि भट्टीचे तापमान उत्पादकाने बॅटरीसाठी सांगितलेल्या मर्यादेत असावे. याबाबत त्या गॅरेजला माहिती नसेल तर गाडी देऊ नये. तळाला मार बसला असल्यास अधिकृत वर्कशॉपखेरीज कुठेही नेऊ नये. स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहितीपुस्तिका, निदानाचे सॉफ्टवेअर आणि मूळ भाग मिळत नाहीत, हे या रांगांचे एक मोठे कारण आहे. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश केला, पण विजेच्या गाडीवर काम करणाऱ्या जिल्ह्यातील मेकॅनिकला त्यातून पुरेसे बळ मिळालेले नाही. राज्याच्या धोरणात खरेदीला आणि चार्जिंगला सवलती आहेत, काही महामार्गांवर टोलमाफीही आहे; अपघातानंतर भाग किती दिवसांत मिळालाच पाहिजे, याचेही बंधन उत्पादकांवर घालायला हवे.

प्रश्न : पॉलिसीचे नूतनीकरण जवळ आले आहे. अशा प्रतीक्षेची तरतूद विम्यात करता येते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : काही प्रमाणात करता येते. गाडी गॅरेजमध्ये असताना रोज ठरावीक रक्कम देणारे ॲड-ऑन, म्हणजे जादा हप्ता भरून घ्यायचे पूरक संरक्षण, मिळते, पण त्याला बहुधा थोड्याच दिवसांची कमाल मर्यादा असते, ती वाचून घ्यावी. झिरो डेप, म्हणजे भागांवरील घसारा न कापता दावा देणारे ॲड-ऑन, मात्र जरूर घ्यावे, कारण मूळ पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर आणि बॅटरीवर 50 टक्के घसारा कापला जातो. बॅटरीसाठी वेगळे संरक्षण घेत असाल तर त्यात पाणी शिरणे आणि शॉर्टसर्किट यांबरोबर तळाला बसलेला मारही येतो का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.