निर्देशांक ३४ वर्षे जागेवर राहिला तर?

आपल्या पत्रातील परिस्थिती थोडक्यात अशी आहे. वय ५२, निवृत्तीला ८ वर्षे. आजवरची बचत आजच्या भावाने १५ वर्षांच्या घरखर्चाएवढी असून त्यातील १२ वर्षांचा खर्च एकाच देशाच्या निर्देशांकावर (ठरावीक कंपन्यांच्या शेअरच्या भावांवरून काढलेल्या आकड्यावर) बेतलेल्या, म्हणजे त्याच कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या, इंडेक्स फंडात आणि ३ वर्षांचा मुदत ठेवींत आहे. दरवर्षी सुमारे ३ महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम हप्त्यांनी फंडात जात होती, पण जपानचा बाजार ३४ वर्षे जुन्या पातळीवर परतला नाही हे वाचल्यापासून आपण हप्ते थांबवले आहेत, आणि आता सगळा फंड विकून पैसे ठेवींत टाकावेत का, असे विचारता.

माझे मत असे की सगळा फंड विकू नये, पण आहे तसाही ठेवू नये.

जपानची हकिकत खरी आहे. तिथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर बंद झाला आणि ती पातळी ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. मध्ये मार्च २००९ मध्ये तो ७,०५४ पर्यंत घसरला होता. ते शिखर अर्थात असाधारण होते. जमिनीचे आणि शेअरचे भाव एकमेकांच्या आधाराने चढत गेले होते, बँकांची कर्जे त्याच जमिनींच्या तारणावर उभी होती आणि शेअर हे कंपन्यांच्या वार्षिक नफ्याच्या सुमारे ६० पट भावाने विकले जात होते. तरीही ‘ते जपान होते’ म्हणून विषय मिटवता येत नाही. अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर होता आणि तिथे तो पुन्हा पोहोचला नोव्हेंबर १९५४ मध्ये. तिथल्याच मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक एस अँड पी ५०० याने २००० ते २००९ या दशकात लाभांश (कंपन्या नफ्यातून भागधारकांना देतात ती रक्कम) धरूनही गुंतवणूकदाराला तोटाच दिला. म्हणजे दीर्घ मरगळ ही प्रगत, मोठ्या बाजारांतही येते आणि योजना करताना ती गृहीत धरावी लागते.

मात्र असे आकडे वाचताना दोन गोष्टी नजरेआड होतात. बातमीतला निर्देशांक लाभांश मोजत नाही. १९२९ नंतर लाभांश पुन्हा गुंतवत राहिलेल्या माणसाची रक्कम १९५४ च्या बरीच आधी भरून आली होती. दुसरी गोष्ट महागाईची, आणि ती उलट दिशेने काम करते. डाऊ जोन्स फेब्रुवारी १९६६ मध्ये ९९५ वर होता, ऑगस्ट १९८२ मध्ये ७७७ वर; पाहणाऱ्याला ही किरकोळ घट वाटेल, पण त्या १६ वर्षांत तिथल्या किमती सुमारे तिप्पट झाल्या होत्या. जपानमध्ये मात्र त्या दीर्घ काळात किमती फारशा हलल्याच नाहीत. मला विचाराल तर जपानपेक्षा १९६६ ते १९८२ चा काळ अधिक धास्तीचा आहे, फक्त त्याचे मथळे होत नाहीत. आणि तोच काळ सगळे पैसे ठेवींत टाकण्याविरुद्धचा माझा मुख्य मुद्दा आहे, कारण अशा महागाईत ठरावीक व्याजाची रक्कमही डोळ्यांदेखत झिजते.

आता ‘३४ वर्षे’ हा आकडा नेमका कोणाचा? ज्याने सगळी रक्कम १९८९ च्या शेवटच्या दिवशी एकदम गुंतवली आणि नंतर एक पैसाही घातला नाही, त्याचा. २००१ ते २०१४ या चौदा वर्षांत निक्केईने २०,००० ची पातळी एकदाही गाठली नाही. त्या काळात नियमित हप्ते भरणारा माणूस सातत्याने स्वस्तात खरेदी करत होता.

हे लहान आकड्यांवर पाहू. निर्देशांक पाच वर्षांत १००, ८०, ५०, ८० आणि पुन्हा १०० असा फिरला आणि फंडाच्या एका हिश्श्याचा, म्हणजे युनिटचा, भावही तेवढाच राहिला असे धरा. दरवर्षी १,००० भरणाऱ्याला अनुक्रमे १०, १२.५, २०, १२.५ आणि १० अशी ६५ युनिटे मिळतात. भरले ५,०००, झाले ६,५००. पहिल्याच वर्षी एकदम ५,००० घालणारा आहे तिथेच राहतो. आता तीच वाट निवृत्त माणसाच्या वाट्याला आली असे समजा. त्याच्याकडे ५० युनिटे आहेत आणि तो खर्चासाठी दरवर्षी ५०० काढतो. त्याला ३२.५ युनिटे विकावी लागतात, उरतात १७.५, म्हणजे १,७५०. निर्देशांक पाचही वर्षे १०० वरच थांबला असता तर त्याच्याकडे २,५०० उरले असते. बाजार सुरुवातीच्या जागी परत आला, पण याचे पैसे परतले नाहीत.

आपण या दोघांपैकी कोणाच्या जवळ आहात, हे आपल्याच आकड्यांत दिसते. वर्षाचा हप्ता फंडातील रकमेच्या एक-अठ्ठेचाळीसांश आहे, म्हणजे निर्देशांक दोन टक्क्यांनी उतरला की वर्षभराचे हप्ते पुसले गेले. तिशीतल्या माणसाला हप्त्यांचा जो आधार असतो तो आपल्याला आता फारसा उरलेला नाही. आपण जवळजवळ एकरकमी गुंतवणूकदार झाला आहात. आपली भीती योग्य जागी आहे, पण तिचा रोख आजच्या बाजाराकडे नसून निवृत्तीनंतरच्या पहिल्या सहा-सात वर्षांकडे असायला हवा.

म्हणून निवृत्तीच्या दिवशी ७ वर्षांचा खर्च ठेवी आणि अल्पमुदतीचे चांगल्या दर्जाचे रोखे (सरकारला वा कंपन्यांना व्याजाने दिलेले कर्ज) यांत असावा, असे मी सुचवतो. ३ वर्षांचा आहे. ४ वर्षांचा उभा करायचा आहे. हप्ते याच महिन्यापासून पुन्हा सुरू करावेत (ते थांबवल्याने जोखीम जेमतेम हलली, बचत मात्र बंद पडली), पण ते फंडात न घालता या सुरक्षित भागात वळवावेत. आठ वर्षांत त्यातून २ वर्षांचा खर्च जमेल आणि तेवढ्यापुरता विक्रीवरील कराचा प्रश्नच येणार नाही. उरलेला २ वर्षांचा खर्च फंडातून, दरवर्षी एका ठरलेल्या तारखेला, ३ महिन्यांच्या खर्चाइतका काढत जावा. ती तारीख बाजार पाहून पुढेमागे करू नये. अपवाद एकच, निर्देशांक आदल्या वर्षीपेक्षा निम्म्यावर आला असेल तर त्या वर्षीचा भाग पुढच्या दोन वर्षांत विभागावा.

सात वर्षांची ही तरतूद ३४ वर्षांच्या मरगळीला पुरणार नाही, हे उघड आहे. तिथे उपाय वेगळा लागतो. १९८९ मध्ये जपान हा जगातील सर्वांत मोठ्या शेअर बाजारांपैकी एक होता, आणि त्याच्या घसरणीनंतरही अनेक देशांत पसरलेला निर्देशांक पुढे गेला. आपला संपूर्ण फंड एका देशावर उभा आहे. शेअरमध्ये राहणाऱ्या रकमेपैकी किमान तिसरा हिस्सा, तोही दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने, जागतिक निर्देशांकाच्या फंडात न्यावा. तो निवडताना फंडाचा वार्षिक खर्च आणि परदेशी गुंतवणुकीवरील कराचा नियम या दोन बाबी आधी तपासून घ्याव्यात.