दरोड्याच्या गुन्ह्यात जप्त झालेली गाडी कोणत्या कोर्टातून सोडवायची?

पिकअप तुमच्या नावावर, ड्रायव्हर दरोड्याच्या गुन्ह्यात अटकेत आणि गाडी शेजारच्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्याच्या आवारात. एक जण म्हणतो सेशनला (सत्र न्यायालयात) जा, दुसरा म्हणतो आपल्याच तालुक्यात अर्ज टाका. तपास अजून चालू असेल, तर आज दोघांचंही ऐकू नका.

मी तालुका कोर्टात वकिली करतो. गुन्हा ज्या ठाण्यात दाखल आहे, त्या हद्दीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. तुम्ही राहता कुठे, गाडीचं पासिंग कुठलं, याला महत्त्व नाही. दरोड्याचा खटला सत्र न्यायालयात चालतो हे खरं. पण दोषारोपपत्र येऊन केस तिकडे कमिट होईपर्यंत, म्हणजे वर्ग होईपर्यंत, मुद्देमालाचा ताबा मॅजिस्ट्रेटच देतात. कमिट झाली, की मग सेशन.

अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४५७). मुद्देमाल कोर्टापुढे हजर झाला असेल तर ४९७. कलम चुकलं म्हणून सहसा कोणी अर्ज फेटाळत नाही, हद्द चुकली तर मात्र फेरी फुकट.

सोबत आरसी, विमा आणि जप्ती पंचनाम्याची नक्कल जोडा. कोर्ट तपास अधिकाऱ्याचा आणि सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. खरा वेळ तिथेच जातो. 'तपासाला बाधा येईल' हे वाक्य त्यात बहुतेक वेळा असतंच. त्यावर सुंदरभाई अंबालाल देसाई हा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल दाखवायचा: गाड्या ठाण्यात दीर्घकाळ सडवत ठेवण्यात अर्थ नाही, फोटो-पंचनामा करून बंधपत्रावर सोडा. मग सुपूर्दनामा लिहून द्यावा लागतो, की गाडी विकणार नाही, रंग बदलणार नाही, बोलावलं की हजर करीन. यात मालकी ठरत नाही, फक्त ताबा मिळतो.

गाडीत गांजा सापडला असता तर अर्ज एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, विशेष न्यायालयात गेला असता. वाळूची गाडी महसूल खात्याने पकडली असेल तर दंड आणि जातमुचलक्यावर सोडण्याचा अधिकार जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे असतो. त्याच वाळूसाठी पोलिसांनी चोरीचा गुन्हाही नोंदवला असेल तर कोर्टाचा आदेशही लागतो, आणि लोक नेमके इथेच दोन्हीकडे हेलपाटे घालतात. लाकडाच्या गाडीवर वनखात्याने सरकारजमा करण्याची कारवाई सुरू केली असेल, तर मॅजिस्ट्रेटकडून फारशी आशा ठेवू नका.

गाडीवर कर्ज असेल तर अर्जातच सांगून टाका. फायनान्सवाला स्वतंत्र अर्ज घेऊन आला तर तारीख पुढे जाते.