मुलाला सोम्ब्रेरो घालून शाळेत पाठवू का?

तुम्ही नुकतेच टेक्सासला आलात, मुलाच्या शाळेत हिस्पॅनिक हेरिटेज मंथ (स्पॅनिश भाषिक देशांतून आलेल्या लोकांच्या वारशाचा महिना) आहे आणि दुकानातली सोम्ब्रेरो, म्हणजे रुंद काठाची मोठी टोपी, व चिकटवायच्या मिशा घ्याव्यात का, असं विचारलंय. नका घेऊ. ते कुणाच्या तरी आजोबांचं सोंग होतं. ‘इंडिया डे’ला आपल्या पोरांसमोर कुणी गारुडी बनून आलं तर आपल्याला जसं लागेल, तसंच त्यांना लागतं.

शिवाय ती टोपी मेक्सिकोची, आणि हा महिना एकट्या मेक्सिकोचा नाही. तो १५ सप्टेंबरला सुरू होतो, कारण १८२१ साली त्या दिवशी ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिका स्पेनपासून स्वतंत्र झाले. मेक्सिकोचा दिवस १६ तारखेला, चिलीचा १८ला. म्हणून मुलाला आधी एवढंच विचारायला सांगा: तुझे आजीआजोबा कुठल्या गावचे?

माझ्या लेकीच्या वर्गात एका मुलाची ग्वाटेमालाची आजी आली होती. चुन्याच्या पाण्यात उकळून दळलेल्या मक्याचा गोळा घेऊन ती दोन तळव्यांत थापत होती, थप थप, गोल फिरवत. माझी आजी हातावरची भाकरी करायची, हुबेहूब तशी. मला भरूनच आलं. एरवी गप्प बसणारा तिचा नातू प्रत्येक वस्तूचं नाव सांगत होता. तव्याला ‘कोमाल’ म्हणतात, हे माझी लेक त्याच्याकडून शिकली.

नावंही नीट घ्यायला शिकवा. या स्पॅनिश भाषिक देशांत वडिलांचं आणि आईचं, अशी दोन आडनावं असतात. शाळेच्या यादीत बरेचदा दुसरं गळतं. ‘होसे’, ‘हिमेनेस’ देवनागरीत लिहून दिलं तर आपली मुलं बिनचूक म्हणतात.

आणि सिल्व्हिया मेंडेझची गोष्ट त्याला जरूर सांगा. कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टरला तिची आत्या सगळ्या मुलांना घेऊन शाळेत नाव घालायला गेली. आत्याच्या गोऱ्या मुलांना प्रवेश मिळाला, सावळ्या सिल्व्हियाला आणि तिच्या भावांना ‘मेक्सिकन शाळेत जा’ म्हणून सांगितलं. तिचे आईवडील आणि आणखी चार कुटुंबं कोर्टात गेली. १९४७ साली अपील कोर्टातही ती जिंकली. काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणाऱ्या गाजलेल्या ब्राउन खटल्याचा निकाल त्यानंतर सात वर्षांनी लागला. पताका लावून ‘महिना साजरा झाला’ म्हणणाऱ्या शाळांत हे का सांगत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. आपली सावळी पोरं आज त्या वर्गांत बसतात, त्यात तिच्या आईवडिलांचाही वाटा आहे.

डब्यात पेरूच्या फोडी द्या. हे फळ मूळचं तिकडचंच. शेजारी बसणारा मुलगा त्याला ‘ग्वायाबा’ म्हणेल.