लग्नाच्या गोंगाटात लांबून कुणी आपलं नाव घेतलं तरी ते कसं ऐकू येतं?

तुम्ही विचारलंय की हॉलमध्ये शेजारच्याचं बोलणंही धड कळत नसतं, तरी चार टेबलं पलीकडे कुणी तुमचं नाव काढलं की कान टवकारतात. मग आपला मेंदू सगळ्यांचं बोलणं सतत ऐकत असतो का?

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला. आवाज सगळेच कानात शिरतात, पण ज्यांच्याकडे आपलं लक्ष नाही त्यांचा अर्थ बहुतेक वेळा लागतच नाही. स्वतःचं नाव याला अपवाद आहे, आणि तोही अधूनमधूनच.

‘अधूनमधून’ मुद्दाम म्हटलं. 1953 साली कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने लोकांच्या दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे उतारे ऐकवले आणि एकाच कानातला उतारा मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानात पुरुषाऐवजी बाईचा आवाज आला, हे त्यांना कळलं. पण इंग्रजीची जर्मन झाली, हे लक्षातही आलं नाही! पुढे 1959 मध्ये नेव्हिल मोरे या मानसशास्त्रज्ञाने त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचंच नाव घातलं. ते साधारण एक तृतीयांश लोकांनाच जाणवलं. बाकीच्यांच्या कानावर स्वतःचं नाव पडलं आणि त्यांना पत्ताही लागला नाही. आपल्याला वाटतं की नाव दर वेळी ऐकू येतं, कारण जे निसटलं ते निसटल्याचं कळायला काही मार्गच नसतो.

2001 चा असाच एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. डोक्यात एकावेळी बरंच काही धरून ठेवण्याची, म्हणजे कार्यकारी स्मृतीची, क्षमता ज्यांची जास्त होती, त्यांच्यातल्या फक्त 20 टक्के लोकांना आपलं नाव ऐकू आलं. ज्यांची कमी होती, त्यांच्यातल्या 65 टक्क्यांना. म्हणजे नाव चटकन पकडणं हे तल्लख कानांचं लक्षण नव्हे. चालू बोलण्यावरून लक्ष ढळलं की ते जास्त घडतं.

नावालाच हा मान का, याचं मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन ट्रीझमन यांनी मांडलेलं स्पष्टीकरण मला पटतं. नको असलेले आवाज मेंदू पूर्ण बंद करत नाही, नुसते मंद करतो. ओळखीचे, महत्त्वाचे शब्द इतक्या मंद आवाजातही ओळखू येतात, आणि जन्मापासून कानावर पडलेल्या नावाइतका ओळखीचा शब्द दुसरा कुठला? पण नाव कळलं म्हणजे त्याआधीचं वाक्यही कळलं असं नाही. लक्ष तिकडे वळतं ते नावानंतर. तेव्हा ‘माझ्याबद्दलच काहीतरी चाललं होतं’ म्हणून कुणावर रुसू नका. कदाचित आमंत्रितांची यादी चालली असेल.

या सगळ्याच्या आधी आवाज एकमेकांपासून सुटे व्हावे लागतात, आणि त्यात दोन कानांची मोठी मदत होते. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानात जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी उशिराने पोचतो, शिवाय मध्ये डोकं आल्यामुळे थोडा क्षीणही होतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. एकाच माईकने केलेलं लग्नाचं रेकॉर्डिंग ऐकून बघा, सगळी बोलणी एकात एक मिसळलेली असतात.

आता मला खरं कळकळीने सांगायचंय ते. माझ्याकडे येणारे कितीतरी आजी-आजोबा म्हणतात, “घरात सगळं ऐकू येतं, पण पंगतीत नुसते ओठ हललेले दिसतात.” वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येऊ लागतात. स, श, फ ही व्यंजनं त्यातच येतात, आणि शब्द कुठला ते बरंचसं त्यांच्यावरून कळतं. त्यावर भांड्यांचा खणखणाट, डीजे, पन्नास जणांचं बोलणं. घरचे म्हणतात, “बाबांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं.” हे ऐकून मला फार वाईट वाटतं. एखाद्या शांत क्षणी नाव कानावर पडलं म्हणून सगळं ऐकू येत असेल, असं अजिबात नाही.

अशा माणसाला स्पीकरपासून लांब, भिंतीला पाठ करून बसवा. आधी नाव घ्या, तोंडाकडे बघू द्या, मग बोला. ओरडू नका, ओरडल्याने शब्द उलट बिघडतात. आणि तपासणीला नेलंत तर गर्दीतली अडचण आपणहून सांगा, गोंगाटातलं बोलणं किती समजतं याची चाचणी मागून घ्या. शांत खोलीतल्या नेहमीच्या तपासणीत ही अडचण बऱ्याचदा दिसतच नाही.